तंजावूरच्या परसातील दुर्गंधी फूल

(हीरक महोत्सवी वर्षात पालक व माजी विद्यार्थी यांच्या सभेत दिलेले भाषण)



तंजावूरला गेलेला मराठी प्रवासी बहुधा ठरलेल्या वाटेनेच हिंडतो. बृहदीश्वराच्या शिखराकडे मान उंचावून पाहतो, प्राकाराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास शोधून काढतो, त्या लांबच लांब शिलालेखातील चार ओळी लागल्या याचा आनंद मानतो, आणि मग सरस्वती महालातील मोडी कागद पाहून कृतार्थ होतो. संध्याकाळी बाजारातून परतताना कदंबम् नावाचा गजरा त्याच्या हाती पडतो. मोगरा, अबोली, मरवा, दवणा अशी फुले आणि सुगंधी पाने एकत्र गुंफलेला हा गजरा म्हणजे तंजावूरची खास वस्तू. गावाची आठवण पुढे कितीतरी दिवस त्याच्या मनात राहते ती या सुगंधासह.

त्याच गावातील जुन्या घरांच्या मागे मात्र एक फूल असे उगवू शकते की जे कोणी माळीत नाही, देवाला वाहत नाही आणि ज्याचे नाव कोणी मुलीला ठेवीत नाही. ते उमलले की घरातील माणसे प्रथम कोठेतरी उंदीर मेला असावा असे समजून फडताळे सरकवतात, माळा झाडतात, शेजाऱ्यांकडे संशयाने पाहतात. वासाचा माग काढीत परसात गेल्यावर मातीतून थेट वर आलेले, गर्द जांभळ्या-तपकिरी रंगाचे, घमेल्याएवढे काहीतरी दिसते. ते फूल आहे यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. हे सुरणाचे फूल. आजचे भाषण त्याच्याविषयी आणि त्याच्या काही नातलगांविषयी आहे.

तंजावूरची जुनी घरे अरुंद आणि लांब. रस्त्याच्या बाजूला ओटा, ज्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात, मध्ये चौक, आणि सर्वांत शेवटी परसू, म्हणजे तेथील भाषेत कोल्लै. सतराव्या शतकात एकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून जी मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी गेली, त्यांनी देवघरातली आणि माजघरातली मराठी जपली. परसातील झाडे मात्र त्यांना तमिळ भूमीने दिली. विहिरीजवळ केळी, कडेला नारळ, आणि त्यांच्या सावलीत मातीचा उंचवटा करून लावलेला सुरण. तमिळमध्ये त्याला सेनैक्किळंगु म्हणतात, काही भागांत करुणैक्किळंगु. संस्कृतात तो सूरण आणि अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा. महाराष्ट्रात तो उपवासाला चालतो आणि एरवी चिंचेशिवाय किंवा आमसुलाशिवाय शिजत नाही. नावे अनेक असली तरी कंद एकच, आणि त्याची खाज एकच. कंदाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते जिभेत व घशात रुततात. दोन्ही प्रांतांतील गृहिणींनी रसायनशास्त्र न शिकता आंबट पदार्थाचा उपाय शोधून काढला, याबद्दल कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव नाही.

मग पिढ्यान्‌पिढ्या सुरण खाणाऱ्या या घरांना सुरणाचे फूल अनोळखी का? याचे उत्तर पंचांगात आहे. उन्हाळ्यात वळवाच्या सरी पडू लागल्या की कंदाला कोंब फुटतो आणि त्यातून एकच पान वर येते. तो माणसाच्या उंचीचा, ठिपक्याठिपक्यांचा, सापाच्या कातडीसारखा दिसणारा दांडा खोड नसून पानाचा देठ असतो, आणि वरची हिरवी छत्री हे एका पानाचे पाते असते. हे पान आठ-नऊ महिने अन्न तयार करून खाली साठवते आणि ईशान्य मोसमी पाऊस ओसरण्याच्या सुमारास पिवळे पडून कोसळते. त्यानंतर कंद झोपी जातो. नेमक्या त्याच वेळी पोंगल येतो. मकरसंक्रांतीच्या त्या सणाला तमिळ घरांत नवा तांदूळ, ऊस, हळदीचा कंद यांच्याबरोबर जमिनीखालच्या नाना कंदांची भाजी होते आणि तिच्यात सुरणाचा मान असतो. कुदळ चालते, कंद निघतो, काही चुलीवर जातो, काही तुकडे करून पुढच्या लावणीसाठी ठेवला जातो. फूल धरण्यासाठी कंदाला मोठे व्हावे लागते. त्याला जमिनीत बहुधा तीन-चार वर्षे आणि पुरेसे वजन लागते. दरवर्षी खणल्या जाणाऱ्या कंदाला ती मुदत मिळतच नाही. एखादा कंद खणायचा राहून जातो, विसरला जातो, तेव्हाच फूल दिसते. आणि मग तो विसर पडल्याचा दोष बिचाऱ्या फुलाच्या माथी मारून ते पुष्कळदा उपटून फेकले जाते.

ते उपटण्यापूर्वी क्षणभर निरखून पाहिले तर काय दिसते? ज्याला लोक फूल म्हणतात तो शेकडो फुलांचा समूह आहे. बाहेरचा पसरट, चुणीदार घेर हे एक रूपांतरित पान. मराठी वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात. मधोमध जाड दांडा, त्याला स्थूलकणिश असे नाव आहे. दांड्याच्या तळाशी स्त्रीपुष्पे दाटीने बसलेली, त्यांच्यावर नरपुष्पांचा पट्टा, आणि सर्वांत वर सुरकुतलेल्या मेंदूसारखा किंवा जुन्या भिजलेल्या पगडीसारखा जांभळा गोळा. दुर्गंध येतो तो या गोळ्यातून. तो गोळा उमलण्याच्या संध्याकाळी तापू लागतो, अगदी शब्दशः तापतो. हात जवळ नेला तर ऊब जाणवते. त्या उष्णतेने गंधकयुक्त द्रव्यांची वाफ होऊन ती हवेत दूरवर पसरते. सडणाऱ्या मांसातून जी द्रव्ये निघतात त्यांच्याच जातीची ही द्रव्ये आहेत, त्यामुळे माणसाच्या नाकाची फसगत होते यात नाकाचा दोष नाही. फसवायचे आहे ते मात्र माणसाला नव्हे. कुजक्या मांसावर आणि शेणावर जगणारे भुंगेरे व माश्या त्या वासाने धावून येतात, घेराच्या तळाशी उतरतात, आणि अंगावर दुसऱ्या एखाद्या सुरणाचे पराग असतील तर ते स्त्रीपुष्पांना लागतात. पहिल्या दिवशी फक्त स्त्रीपुष्पे तयार असतात. त्यांची वेळ संपत आली की मग वरची नरपुष्पे पराग सोडतात आणि बाहेर पडणारे किडे ते घेऊन जातात. स्वतःचा पराग स्वतःलाच लागू नये यासाठी एका दिवसाच्या अंतराने केलेली ही व्यवस्था आहे. दोन-तीन दिवसांत सारे आटोपते, वास जातो आणि घेर लोळागोळा होऊन पडतो.

वनस्पती तापतात ही गोष्ट १७७८ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी सुरणाच्याच कुळातील एका युरोपीय झाडात नोंदवली. ही उष्णता कोणत्या इशाऱ्याने सुरू होते, हे कळायला त्यानंतर दोनशे वर्षे लागली. १९८७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की नरपुष्पांकडून वरच्या गोळ्याकडे जाणारा तो संदेश म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. ॲस्पिरिनची गोळी ज्या द्रव्यापासून तयार होते तेच हे द्रव्य. ज्या झाडावर हा शोध लागला ते सॉरोमॅटम नावाचे झाडही सुरणाच्याच कुळातले, आणि भारतात रानोमाळ उगवणारे. त्याचा कंद माती-पाण्यावाचून नुसता खिडकीत ठेवला तरी फूल धरतो, म्हणून युरोपात तो हौसेने विकला जाई. फूल उमलल्यावर त्या हौशी माणसांचे काय होत असेल याची कल्पना करता येते.

शाळेत हा विषय निघाला की एखादे मूल हमखास विचारते, म्हणजे झाड खोटे बोलते का? मांस नसताना मांसाचा वास देते, माशीला काहीच देत नाही, ही लबाडीच नव्हे का? प्रश्न सोपा नाही आणि तो हसून टाळण्याजोगाही नाही. मोगऱ्याचा सुगंध ही उदारता आणि सुरणाचा दुर्गंध ही लबाडी, असे वर्गीकरण माणसाने स्वतःच्या सोयीने केलेले आहे. मोगऱ्याचा गंधही माणसासाठी निर्माण झालेला नाही. बालवर्गापासून फूल म्हणजे सुंदर, फूल म्हणजे सुवासिक, फूल म्हणजे कोमल असे शिकवत राहिल्यावर दहावीच्या मुलाला परागण हे काम आहे, त्याला गिऱ्हाईक लागते आणि गिऱ्हाईक माशी असेल तर दुकानात माशीला आवडेल तेच मांडावे लागते, हे पटवून देण्यास फार सायास पडतात. सुरणाची एक कुंडी ते काम एका संध्याकाळी करते.

नाकाला न आवडणाऱ्या वनस्पतीकडेही डोळे उघडे ठेवून पाहण्याची परंपरा तंजावूरच्या भूमीत जुनी आहे. तंजावूरच्या पूर्वेस समुद्रकाठी तरंगंबाडी नावाचे गाव आहे. इंग्रज त्याला ट्रँकेबार म्हणत. १६२० साली रघुनाथ नायकाने ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना वसाहतीसाठी दिले. तेथे १७६८ साली योहान गेरहार्ड कोनिग हा वैद्य आला. वनस्पतींना दोन पदांची नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा तो साक्षात शिष्य. कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पती गोळा करणे, वाळवणे, वर्णन लिहिणे आणि नमुने युरोपला पाठवणे हे काम त्याने १७८५ साली मृत्यू येईपर्यंत केले. त्याच्या संगतीत तयार झालेल्या विल्यम रॉक्सबर्गने पुढे कोरोमंडलच्या वनस्पतींचा भव्य सचित्र ग्रंथ काढला. या तरंगंबाडीच्या मिशनमध्येच १७५० साली आलेला श्वार्ट्झ हा धर्मोपदेशक पुढे तंजावूरला गेला आणि बालवयातील सरफोजीराजांचा शिक्षक व पालक झाला. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या राजाने ग्रंथ जमवले हे सर्वज्ञात आहे. त्याने राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक बाहेर पडले. धन्वंतरी महालात वैद्य बसवून औषधांची परीक्षा केली, औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे करवून घेतली. औषधाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला वनस्पतीचा वास आवडतो की नाही याला महत्त्व नसते. तो वास ही एक खूण असते, पानाच्या आकारासारखी किंवा मुळाच्या रंगासारखी.

सुरणाच्या शास्त्रीय नावाची हकिगत तर मराठी माणसाने आवर्जून ऐकावी अशी आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारातील वनस्पतींवर जो ग्रंथ करवला, तो हॉर्टस मलबारिकस १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. त्यांचे प्रमाणपत्र ग्रंथाच्या आरंभी नागरी लिपीत छापलेले आहे. या ग्रंथातील सुरणाच्या चित्रावरूनच १८१८ साली डेनस्टेट या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला नाव दिले, आणि १९७७ साली त्यात दुरुस्ती होऊन आजचे अमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस हे नाव पक्के झाले. त्यातील पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ शालेय स्मरणिकेत न दिलेलाच बरा.

आता घरी लावण्याविषयी. येथे थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे, कारण उत्साहाने लावलेले आणि दुसऱ्याच वर्षी कुजलेले कंद पुष्कळ असतात.

बाजारातील सुरणाचा मधला तुकडा आणून लावला तर पान येईल, फूल येणार नाही. ज्याला फूल पाहायचे आहे त्याने फाल्गुन-चैत्रात एक अखंड कंद निवडावा. त्याच्या माथ्यावर, जुन्या देठाच्या खड्ड्यात गुलाबी डोळा शाबूत असावा आणि बोटाने दाबल्यावर कोठेही मऊ लागू नये. कुंडी दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल हवी. तळाशी विटांचे तुकडे, वर लाल माती, वाळू आणि मुरलेले शेणखत. तंजावूरभोवतीची कावेरीची गाळाची माती भाताला सोन्यासारखी, पण सुरणाला ती एकटी चालत नाही, कारण पाणी धरून ठेवते. म्हणूनच तेथील जुनी माणसे त्याला उंचवट्यावर लावीत. कंद चार बोटे मातीखाली गेला पाहिजे. कोंब दिसेपर्यंत पाणी जेमतेम. पान उभे राहिल्यावर भरपूर पाणी आणि महिन्याला ओंजळभर खत. पान पिवळे पडू लागले की पाणी हळूहळू तोडावे आणि ते कोसळल्यावर पूर्ण बंद करावे. बहुतेक कंद मरतात ते या झोपेच्या काळात, कुंडी सुनी दिसते म्हणून कोणीतरी मायेने ओतलेल्या तांब्याभर पाण्यामुळे. महाराष्ट्रात हे वेळापत्रक थोडे बदलते. तेथे जूनच्या पावसावर पान वाढते आणि दिवाळीनंतर उतरते. तंजावूरला आश्विन-कार्तिकात जोराचा पाऊस असतो, तेव्हा कुंडी पन्हाळीच्या धारेखाली नाही एवढे पाहावे लागते.

पहिल्या वर्षी पान येईल, दुसऱ्या वर्षी अधिक मोठे पान येईल. कंद दरवर्षी जुना जिरवून नवा घडवतो आणि नवा जुन्याहून मोठा असतो. एखाद्या वैशाखात मात्र कोंब नेहमीपेक्षा जाड, टोकाला बोथट असा वर येतो, आणि त्याच्यावर सुरकुत्या दिसतात. हे फूल. यानंतर उमलेपर्यंत आठ-पंधरा दिवस मिळतात. शेजाऱ्यांना सांगून ठेवण्यास हा अवधी पुरेसा आहे. कुंडी गच्चीवर किंवा परसाच्या टोकाला हलवावी, वारा ज्या बाजूने घरात येतो ती बाजू टाळावी, आणि ज्या संध्याकाळी ते उमलेल त्या संध्याकाळी पाहुण्यांना जेवायला न बोलवता फूल पाहायला बोलवावे. लंडनच्या क्यू उद्यानात १८८९ साली सुरणाचा थोरला भाऊ, सुमात्रातील दहा फुटांपर्यंत वाढणारा टायटन, प्रथम फुलला. हे झाड ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाने १८७८ साली शोधले होते. मॅटिल्डा स्मिथ या चित्रकर्तीने त्या दुर्गंधात बसून त्याची चित्रे केली आणि ती १८९१ साली छापली गेली. १९२६ साली तेथे ते पुन्हा फुलले तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. परसातील सुरणासाठी पोलिसांची गरज पडणार नाही, परंतु गल्लीतील मुले जमतील. त्यांना कंद व देठ हाताळू देऊ नये. रस लागला तर कातडी खाजते. हाताला आधी खोबरेल लावावे, नंतर चिंचेच्या पाण्याने धुवावे.

ज्यांच्याकडे परसू नाही, फक्त सज्जा आहे, त्यांच्यासाठी लहान झाडे आहेत. दक्षिण आफ्रिकेतील स्टॅपेलिया आता रोपवाटिकांत सहज मिळते. तिला लोक निवडुंग म्हणतात, पण ती रुईच्या कुळातील आहे. चौधारी मांसल कांड्या, आणि त्यांच्या पायथ्याशी ताऱ्याच्या आकाराचे लवदार फूल. एका जातीचे तर फूटभराहून रुंद होते. रंग व वास दोन्ही मांसाचे. निळ्या-हिरव्या माश्या या फुलावर अंडी घालतात आणि त्यातून निघालेल्या अळ्या उपाशी मरतात, हे भिंगाखाली दाखवता येते. येथे मात्र त्या मुलाचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो.

तमिळनाडूचा स्वतःचा असा एक नातलगही या कुळात आहे. तंजावूरच्या हिरव्या शेतांतून नैर्ऋत्येला वल्लमवरून पुदुक्कोट्टईकडे निघाले की जमीन लाल, मुरमाड आणि कोरडी होते. अशा माळरानांवर, काटेरी झुडपांच्या आडोशाने, कॅराल्युमा वाढते. रॉक्सबर्गने तिच्या एका जातीचे वर्णन केले आणि तिचे तेलुगू नावच पुढे शास्त्रीय नाव झाले. महाराष्ट्राच्या माळांवरील माकडशिंग तिच्याच गोतातील. एका जातीला कांडीच्या टोकाशी गर्द तांबड्या फुलांचा चेंडू येतो आणि त्याला माश्यांचा गराडा पडतो. दुष्काळात आणि रानातल्या लांबच्या वाटचालीत भूक मारायला लोक तिच्या कांड्या चावून खात आले. हीच माहिती गेल्या काही दशकांत वजन कमी करण्याच्या गोळ्या विकणाऱ्यांपर्यंत पोहोचली, आणि मग माळरानातून पोत्यांनी माल उपसला जाऊ लागला. गरिबाने भूक मारण्यासाठी चार कांड्या तोडणे आणि भरल्या पोटाची भूक मारण्यासाठी माळ मोकळा करणे, यांतील फरक कोणालाही दिसावा. हौसेने हे झाड लावणाऱ्याने ते रानातून उपटून आणू नये. कोणाच्या कुंडीतली बोटभर कांडी मागून घ्यावी, चार दिवस सावलीत ठेवून तिची जखम वाळू द्यावी, आणि खडी-वाळूच्या कुंडीत नुसती टेकवावी. मातीच्या कुंडीइतके तिला काही मानवत नाही. आठवड्याला एकदा पाणी, पावसाळ्यात छप्पर. एवढ्यावर ती वर्षानुवर्षे राहते.

महाराष्ट्रातील पालकांना या कुळाची ओळख नाही असे मात्र नाही. ठाणे, रायगड आणि मुंबईच्या बाजारात मृगाच्या आगेमागे आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळे म्हणजे सुरणाच्या रानटी भावंडाचे न उमललेले फूलच. ते काकडांबरोबर शिजवले की खाज मरते. ज्या घरांत शेवळांची भाजी आवडीने होते त्याच घरांत, हेच फूल रानात उमलले असताना कुजका वास येतो असे सांगितले, तर कोणी विश्वास ठेवीत नाही. मुंबईच्या रस्त्यांवर माघ-फाल्गुनात जंगली बदामाला बहर येतो तेव्हा गटार फुटल्याची तक्रार होते. लिनियसने त्या झाडाचे नाव रोमन लोकांच्या खत-शेणाच्या देवावरून ठेवले. नाक मुरडण्याची ही रीत फार जुनी, आणि थोर लोकांचीही आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा संबंध हौसेपलीकडे आहे. सुरण तुकड्यांपासून लावला जातो. म्हणजे शेतभर उभी असलेली झाडे एकाच झाडाची अंगे असतात. आंध्रातील कोव्वूरच्या केंद्राने निवडलेला गजेंद्र हा वाण खाजत नाही, भरपूर उतरतो आणि म्हणून दूरवर पसरला. तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेचा श्रीपद्मा हाही असाच गुणी. त्यांच्याविरुद्ध काहीही म्हणायचे नाही. शेतकऱ्याने ते जरूर लावावेत. पण नवा वाण हवा असेल, उद्या एखाद्या रोगाला तोंड देणारा कंद हवा असेल, तर तो दोन वेगळ्या झाडांच्या संकरातून, बियांतून मिळतो; आणि बी फुलावाचून येत नाही. परसातील जुने, खाजरे, बेढब कंद घरोघर वेगवेगळे होते. कुठल्या सासूने कुठल्या माहेरून आणलेला कंद आहे हे तेव्हा सांगता येत असे. तंजावूरच्या पेठांतील लांब घरे पाडून तेथे मजले उभे राहत आहेत, कोल्लैच्या जागी गाड्या उभ्या राहतात, आणि पोंगलला सुरण मंडईतून येतो, सगळ्यांकडे एकाच जातीचा. त्या कुटुंबांतील मराठी बोलणाऱ्या आजीबाईंना अजून विचारले तर दोन-तीन प्रकार हाताच्या मापाने दाखवता येतील. विचारणाऱ्याने मात्र उशीर करू नये.

एका फुलावर बी धरणे कठीण असते, कारण स्त्रीपुष्पे आणि नरपुष्पे एकाच दिवशी तयार नसतात. त्यासाठी एक-दोन दिवसांच्या अंतराने फुलणारी दोन झाडे जवळपास लागतात. शक्य असल्यास दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून कुंड्या ठेवाव्यात, आणि त्याही निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या कंदांच्या. पहिल्या फुलाचे पराग दुसऱ्या दिवशी कोरड्या मऊ कुंचल्याने टिपून दुसऱ्या ताज्या फुलाच्या तळाशी लावता येतात. वासाचे काय, असा प्रश्न येईल. नाकाला पदर किंवा रुमाल बांधावा. काम साधले तर घेर गळून पडल्यावर दांडा उभाच राहतो, आणि त्याच्यावर मक्याच्या कणसासारखी हिरवी फळे दाटतात. ती पिकून लालभडक झाली की बुलबुलांच्या आधी काढावीत, गर धुऊन बिया ओल्या वाळूत पेराव्यात. पहिल्या पावसाळ्यात त्यांना बोटभर उंचीचे, इवल्या छत्रीसारखे पान येते.